मॉरिशस फायनल, व्हर्जन सात

एक्सेल शीटचं नाव आहे 'मॉरिशस फायनल ७'. याच्या आधीचे सहा फायनल होऊन गेलेत आणि मध्येच एक 'मॉरिशस फायनल खरंच' नावाचीही फाईल आहे. ज्यांनी आई-वडिलांना घेऊन परदेशात जायचा घाट घातलाय, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. ज्यांनी घातलेला नाही, त्यांनी आधी मित्रांबरोबर थायलंडला जाऊन हात साफ करून घ्यावा, हा फुकटचा सल्ला.

मी हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. (नवऱ्याच्या मते हे काम मी घरी विनामोबदला करते.) माहेर जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, जांबसमर्थच्या पुढे. ऑफिसात कुणी गाव विचारलं की मी 'जालना' म्हणून सोडून देते. समोरचा लगेच 'ओह, स्टील!' म्हणतो. जरा जाणकार असेल तर बियाणं नाहीतर मोसंबी म्हणतो. 'जालना सोने का पालना' ही म्हण त्याला ठाऊक असेल तर तो नक्की मराठवाड्यातला. त्या पाळण्यात आमचं गाव कधी बसलं नाही ते सोडा. आमच्याकडे अण्णांची तीन एकर मोसंबी होती. २०१२-१३ च्या दुष्काळात निम्म्याहून जास्त झाडं जळाली, नंतर पुन्हा थोडी लावली. एक विहीर, थोडं ठिबक, बाकी कापूस आणि तूर.

पहिली नोकरी लागली तेव्हा मी आईला शब्द दिला होता, 'तुला विमानात बसवणार आणि समुद्र दाखवणार.' या गोष्टीला आठ वर्षं झाली. मधल्या काळात मी स्वतः गोव्याला पाच वेळा, बालीला एकदा जाऊन आले. आई दरवेळी फोटो बघून म्हणायची, 'किती गं निळं पाणी!' त्यापुढे ती काहीच बोलायची नाही, आणि मला तेच टोचायचं. या वर्षी बोनस बरा आला, नवराही तयार झाला. ठरलं. चौघांनी जायचं.

जायचं कुठे? पहिल्या फायनलमध्ये मालदीव होतं. इन्स्टाग्रामवर सगळे तिथेच असतात आणि प्रत्येक फोटोत तोच एक पाण्यावरचा झोपाळा असतो. पण विचार करा, पाण्यावरच्या खोलीत अण्णा पहाटे पाचला उठून जाणार कुठे? चार पावलं टाकली की समुद्र. त्यातून ते माळकरी. कांदा-लसूण चालतो, मांस-मच्छी चालत नाही. मालदीव कटाप. श्रीलंका छान होती, पण आईने 'रावणाची ना?' असं एवढ्या गंभीरपणे विचारलं की मी टॅबच बंद केला. राहिलं मॉरिशस. मुंबईहून थेट विमान, साधारण सहा तास. भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्याला आधी व्हिसा काढायची कटकट नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत, बस. शाकाहारी जेवण मिळतं. घड्याळ फक्त दीड तास मागे, म्हणजे अण्णांच्या झोपेचं खोबरं होणार नाही. आणि गणेश चतुर्थीला तिथे चक्क सरकारी सुट्टी असते. या शेवटच्या मुद्द्यावर आईचं मत पडलं.

मग तारखा. इथे माझ्या मॅनेजरची परवानगी ही सगळ्यात सोपी गोष्ट निघाली. अण्णांच्या कॅलेंडरपुढे आमचा रिलीज प्लॅन म्हणजे पोरखेळ! मे महिन्यात बागेला पाणी द्यायचं असतं, हलता येत नाही. जूनमध्ये मृग आणि पेरणी. आषाढात वारी. भाद्रपदात गणपती आणि कापसावर फवारणी. दिवाळीला वेचणी, मजूर मिळत नाहीत. जानेवारीत बागेचा ताण तोडायचा. 'मग मोकळे कधी असता?' मी वैतागून विचारलं. अण्णा म्हणाले, 'मोकळं असायला काय झालंय? काम असतंय, एवढंच.' शेवटी आषाढी झाल्यावर आणि पोळ्याच्या आधी असा दहा दिवसांचा एक सांदीचा तुकडा सापडला. पाण्याच्या मोटारीची जबाबदारी दादाने घेतली.

हा तुकडा नशिबाने चांगला निघाला. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, म्हणून तिथले ऋतू उलटे. चक्रीवादळांचे दिवस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि आपला जुलै-ऑगस्ट म्हणजे त्यांचा हिवाळा. ऊन सौम्य, उकाडा नाही. फक्त एक लक्षात ठेवा. त्या दिवसांत आग्नेयेकडून वारं सुटतं, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरची स्वस्त डील दिसली की हुरळून जाऊ नका. पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक किंवा उत्तरेला ग्राँ बे जास्त निवांत. मी हे फायनल ४ मध्ये शिकले, रिफंड न मिळणारं एक बुकिंग करून झाल्यावर.

पासपोर्टचं प्रकरण एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात आई आणि अण्णा शेजारी शेजारी बसले होते. दोघांची जन्मतारीख १ जून. गावाकडच्या त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच लिहिलेली. काउंटरवरच्या मुलाला ते पाठ असणार, तो नुसता हसला. मग त्याने अण्णांना विचारलं, 'काका, दहावी झालीय?' अण्णा म्हणाले, 'नववी नापास.' दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर परदेशी कामाला जाताना तपासणी लागेल, असा शिक्का बसतो. १९८३ च्या कायद्यातली ती सोय आहे, अडाणी मजुराला बाहेर नेऊन कुणी फसवू नये म्हणून. पन्नाशीच्या पुढच्यांना मात्र त्यातून सूट असते, त्यामुळे शिक्का टळला. मला तेव्हा फार काही वाटलं नाही. अण्णा मात्र बाहेर आल्यावर म्हणाले, 'त्याला वाटलं मी कामालाच चाललो.'

आता खरी गोष्ट.

एका शनिवारी मी गावी गेले. संध्याकाळी अंगणात बाजेवर लॅपटॉप ठेवला आणि प्रेझेंटेशन सुरू केलं. हो, प्रेझेंटेशन! सवय वाईट. पहिल्या स्लाइडवर तुलना होती. जालना जिल्हा साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर, मॉरिशस दोन हजार चाळीस. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात पावणेचार मॉरिशस बसतात. अण्णा खूश झाले. 'देश आहे का तालुका?' आईने विचारलं, 'चारी बाजूंनी खारं पाणी, मग पितेत काय?' मी सांगितलं की तिथेही पावसाचंच पाणी अडवतात. मार-ओ-वाकोआ नावाचा त्यांचा सगळ्यात मोठा तलाव आहे. 'म्हणजे नाथसागर,' अण्णा म्हणाले. त्यांनी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचं धरण. समुद्राची काय गरज, असं त्यांचं आधीपासूनचं मत होतं.

मग आकडा आला. चौघांचं विमान, सात रात्री, गाडी, विमा, सगळं मिळून साडेचार लाख. मी तो आकडा मुद्दाम छोट्या फॉन्टमध्ये टाकला होता. अण्णांनी चष्मा लावला. 'एवढ्यात शेततळ्याला कागद बसतो, वरून कुंपण.' मला हे अपेक्षित होतंच. मी म्हणाले, 'अण्णा, कागद पुढच्या वर्षी. आईचे गुडघे पुढच्या वर्षी असेच राहतील का?' यावर ते गप्प बसले. मला वाटलं, जिंकले.

आणि मी रिसॉर्टचा फोटो उघडला. ड्रोनने वरून काढलेला. निळा समुद्र, पांढरी वाळू, खोल्यांची लाल छपरं आणि त्यांच्यामागे लांबच लांब हिरवा पट्टा, थेट डोंगरापर्यंत. आई 'अगं बाई' म्हणाली. अण्णांनी मात्र समुद्राकडे बघितलंच नाही. त्यांनी त्या हिरव्यावर बोट ठेवलं.

'हा ऊस आहे का?'

मी झूम केलं. ऊस होता. नीट बांध घातलेला, रेषेत, तुऱ्यावर आलेला. मी उत्साहात म्हणाले, 'हो, तिथलं मुख्य पीकच ते.'

अण्णा बाजेवरून उठले. 'मला उसात कशाला नेतीस? तुम्ही तिघं जाऊन या,' असं म्हणून गोठ्याकडे गेले.

अण्णा लहानपणी ऊसतोडीला जायचे, हे मला माहीत होतं. पण कसं माहीत होतं? जसं आपल्याला आजोबा कधी वारले ते माहीत असतं, तसं. एका वाक्यापुरतं. त्या रात्री भाकरी थापताना आईने बाकीचं सांगितलं. १९७२ च्या दुष्काळानंतर आजोबा-आजींनी मुकादमाकडून उचल घेतली आणि दिवाळी झाली की बैलगाडीने खाली, पश्चिम महाराष्ट्रात, कारखान्यावर जायला लागले. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मोजणी. राहायला पाचटाची कोपी. अण्णा तेव्हा दहा वर्षांचे. पहाटे मोळ्या बांधायला मदत करायची, मग धाकट्या बहिणीला सांभाळायचं, संध्याकाळी वाढे विकायला जायचं. असे चार हंगाम. दरवर्षी शाळा दिवाळीला सुटायची ती पाडव्यापर्यंत. 'आजारी पडलं तर खाडा,' आई म्हणाली. 'काम नाही केलं म्हणून पैसे तर नाहीतच, वरून दंड. पट्टा पडल्यावर हिशेब करायचा तर उचल फिटलेली नसायची. ती पुढच्या साली ओढायची.'

मग ती जे म्हणाली ते मला अजून सुचू देत नाही. 'तू कधी त्यांना रस पिताना बघितलंस का?'

नाही बघितलं. जालन्याच्या एसटी स्टँडवर आम्ही भावंडं रसवंतीवर तुटून पडायचो आणि अण्णा बाजूला उभे राहून पैसे द्यायचे. त्यांना पित्त होतं, असं मी समजून चालले होते. टेस्टिंगमध्ये सहा वर्षं काढून मला हा बग दिसला नव्हता.

पुण्याला परत येताना मी फायनल ५ डिलीट केली. नवरा म्हणाला, केरळला जाऊ या. मी केरळची हॉटेलं बघायला बसले आणि कशी कोण जाणे, मॉरिशसच्या उसाबद्दलच वाचत राहिले. मधुचंद्राच्या पॅकेजमध्ये हे कुणी सांगत नाही, पण त्या बेटावर आपले लोक गेले तेच मुळी ऊस तोडायला. ब्रिटिशांनी गुलामी बंद केल्यावर मळ्यांना माणसं हवी होती. नोव्हेंबर १८३४ मध्ये 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या ऐंशीएक वर्षांत साडेचार लाखांहून जास्त लोक तिथे नेले गेले. बहुतेक बिहार आणि आसपासचे, काही दक्षिणेतले आणि मुंबई बंदरातून गेलेले मराठी, त्यातही कोकणातले जास्त. एका कागदावर अंगठा द्यायचा, अमुक वर्षं मळ्यावर काम करीन म्हणून. त्या 'अ‍ॅग्रिमेंट'चं झालं गिरमिट. जिथे ते उतरायचे, तो दगडी पायऱ्यांचा धक्का पोर्ट लुईत अजून आहे. नाव आप्रवासी घाट. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं.

आणि तिथल्या मळ्यांवर एक नियम होता. एक दिवस कामावर आला नाहीस तर दोन दिवसांचे पैसे कापायचे. इंग्रजीत त्याला म्हणायचे डबल कट.

मी रात्री पावणेअकराला अण्णांना फोन लावला. गावाकडे ही वेळ म्हणजे कुणीतरी गेलं असं समजायची. 'काय झालं?' त्यांनी दचकून विचारलं. मी म्हणाले, 'अण्णा, तिथेही खाडा होता.'

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, 'कुठं?'

मी सगळं सांगितलं. ते मध्ये मध्ये विचारत होते, आणि असं विचारत होते जसं एखाद्या पाहुण्याच्या घरची चौकशी करतोय. 'मुकादम होते का?' होते, त्यांना सिरदार म्हणायचे. 'नाव बदललं फक्त.' राहायला? मळ्यावरच्या झोपड्या. 'बायका?' त्याही. 'तोड कधी असती तिकडं?' मी शोधलं. साधारण जूनपासून वर्ष संपेपर्यंत. 'म्हणजे आपल्याकडं पट्टा पडला की तिकडं सुरू.' मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो मला कुठल्याच ट्रॅव्हल साइटवर सापडला नव्हता.

'त्यांची उचल फिटली का?'

याचं उत्तर मला शनिवारपर्यंत थांबून वाचावं लागलं. खूप जण गिरमिट संपल्यावर परत आले. बरेच राहिले. १८८० च्या सुमाराला साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले. राहिलेल्यांनी आणि त्यांच्या मुलांनी पै-पै जोडून ते घेतले. हेन्रिएटा नावाच्या गावात एका मराठी कुटुंबाने १८९६ मध्ये बेटावरचा पहिला गणपती बसवला, तो आज सगळ्या देशाचा सण आहे. मोका इथे महाराष्ट्र भवन आहे, तिथे २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. घरात बोलतात क्रिओल, पण मुलं शाळेत मराठी विषय घेऊ शकतात. त्याच मोकात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, आलेल्या मजुरांच्या नोंदी तिथे जपून ठेवल्यात. प्रत्येकाला दिलेला नंबर, पुढच्या काळात तर फोटोसुद्धा.

अण्णा ऐकून म्हणाले, 'जमिनी घेतल्या ना? मग बरंय.' आणि मग, मी काही विचारायच्या आत, 'तू ते घाटाचं काय म्हणलीस, ते बघाय मिळतं का?'

फायनल ६ आणि ७ या फोननंतरच्या. रिसॉर्टच्या सात रात्रींच्या पाच झाल्या, दोन रात्री पोर्ट लुईच्या जवळ. आप्रवासी घाटाला अर्धा दिवस. ब्यू प्लाँचा जुना साखर कारखाना १९९९ मध्ये बंद पडला, त्याचं आता म्युझियम केलंय, तिथे आणखी अर्धा दिवस. शेजारीच पाम्प्लमुसची बाग, मोठ्या परातीएवढ्या पानांच्या कमळांची, ती आईसाठी. गंगा तलाव आहेच. नवऱ्याने पॅरासेलिंगसाठी एक सकाळ भांडून मिळवली. मला वाळूत पुस्तक घेऊन पडायला दीड दिवस उरलाय, आणि मी तक्रार करत नाहीये. आईची एकच अट, पहिल्या दिवशी आधी समुद्र. घाट-बिट नंतर. ती म्हणाली, 'मी आठ वर्षं थांबलेय, तो ऊस तर दीडशे वर्षं तिथंच आहे.'

बाकी किरकोळ. मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयापेक्षा महाग आहे, त्यामुळे किंमत बघून 'अरे, स्वस्त' म्हणायची घाई करू नका. पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस कापतात, तो रिटर्न भरताना वळता करता येतो, पावती जपा. फळं, रोपं, बियाणं परवान्याशिवाय नेता येत नाही, हे मी आईला तीनदा सांगितलंय. तरी तिने 'दोन मोसंब्या, वाटेत खायला' बाजूला काढून ठेवल्यात. त्या मुंबईच्या विमानतळावर संपवायच्या आहेत. मुंबईपर्यंत समृद्धीने जाणार. जून २०२५ मध्ये तो रस्ता पूर्ण सुरू झाल्यापासून जालन्याहून मुंबई खूप जवळ आलीय.

अण्णांनी जालन्यात जाऊन नवे बूट घेतले. ते घालून रोज संध्याकाळी बांधावरून चालतात, चावू नयेत म्हणून. शेततळ्याचा कागदही त्यांनी विसरलेला नाही. माझ्या पुढच्या बोनसची तारीख त्यांनी विचारून ठेवलीय.

परवा दादाचा फोन होता. पारावर कुणीतरी अण्णांना विचारलं म्हणे, नवे बूट घालून कुठं निघालात? अण्णा म्हणाले, 'ऊसतोडीला.' पारावरची म्हातारी मंडळी हसायला लागली. त्यातले निम्मे त्यांच्याबरोबर फडात होते. एकाने विचारलं, 'मग उचल केवढी घेतली?'

'यंदा मी नाही घेतली,' अण्णा म्हणाले. 'पोरीनं भरलीय. साडेचार लाख.'